पहिली चार अक्षरं, शेवटची चार अक्षरं

टोपवाल्या बाईंच्या कामाच्या खोलीत चाळीस लाकडी डोकी होती. “आमच्याकडे डोक्यांना तोटा नाही, तोटा आहे तो कानांचा,” असं त्यांचे यजमान म्हणायचे. ते बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. बाईंनी अठ्ठावीस वर्षं नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप केले. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची आणि आकड्याच्या बारीक सुईने एकेक केस ओढून गाठ मारायची. एका टोपाला तीन आठवडे लागत. केस खरा की नकली, हे त्या डोळे मिटून बोटांनी सांगत.

लांब, चांगला केस परदेशातला एक व्यापारी पुरवायचा आणि तयार टोप दुसऱ्या एका देशातली नाटक कंपनी घ्यायची. काम चोख, पण पैशांची रडकथा. कंपनीचे पैसे तीन बँकांतून फिरत अकरा दिवसांनी पोचायचे आणि वाटेत प्रत्येकीने आपापला घास घेतलेला असायचा. एकदा बाईंच्या नावातलं एक अक्षर जुळेना म्हणून सगळी रक्कम आली तशी परत गेली.

मग कंपनीच्या व्यवस्थापक बाईंचाच फोन आला. त्यांच्या देशातून बाहेर पैसे पाठवणं आता जवळजवळ बंदच झालं होतं. क्रिप्टोत दिले तर चालतील का, असं त्या विचारत होत्या.

बाईंनी धाकट्या दिराला बोलावलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि या विषयावर तो जेवणाच्या ताटावरही बोलायचा.

“वहिनी, डॉलरला बांधलेलं नाणं घ्या. त्याचा भाव उड्या मारत नाही,” तो म्हणाला. त्याने फोनवर ती नाणी ठेवायचं पाकीट उघडून दिलं. त्याची चोवीस शब्दांची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवायला लावली.

पहिली रक्कम आली तेव्हा बाईंच्या कपातला चहा अजून गरम होता.

“अहो, आले,” त्या यजमानांना म्हणाल्या.

“कोण आलं?”

“पैसे.”

यजमानांनी चष्मा लावून फोन बघितला. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, त्याने फोन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, “पावती कुठाय?”

यायला सोपे, पण खर्च करायचे कुठे? घरमालक नको म्हणाला, वीज कंपनीत विचारायचीही सोय नव्हती. जाळीवाल्या दुकानदाराने हात जोडले. “ताई, हे घेऊन मी किराणावाल्याला काय दाखवू?” म्हणजे प्रत्येक वेळी ती नाणी विकायची, कमिशन द्यायचं आणि पैसे पुन्हा बँकेतच आणायचे. घेणारा एकच निघाला, तो परदेशातला केसांचा व्यापारी. त्यालाही बँकांचा वैताग आला होता.

त्याच्या पाकिटाचा पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. “एवढं कोण वाचणार?” बाई म्हणाल्या.

“सगळं वाचायचं नाही, वहिनी. पहिली चार अक्षरं बघायची, शेवटची चार बघायची. जुळली की बिनधास्त पाठवायचं.”

बाईंनी तसं तीनदा पाठवलं आणि तिन्ही वेळा सुरळीत पोचलं.

चौथ्या वेळी काम मोठं होतं. कंपनीने एकोणीस टोप सांगितले होते आणि सगळी आगाऊ रक्कम एकदम दिली होती. बाईंनी दुपारी, जेवण आटोपल्यावर, पाकिटातल्या जुन्या व्यवहारांच्या यादीतून व्यापाऱ्याचा पत्ता उचलला, पहिली चार अक्षरं बघितली, शेवटची चार बघितली आणि वर्षभराच्या केसांचे पैसे एका बोटाने पाठवून दिले.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला. अजून काही मिळालं नाही म्हणे.

दीर दुकान अर्धवट बंद करून आला. त्याने व्यापाऱ्याचा खरा पत्ता आणि बाईंनी पाठवलेला पत्ता कागदावर एकाखाली एक लिहिले. पहिली चार अक्षरं तीच, शेवटची चारही तीच. मधलं सगळं वेगळं. दिराने पाकिटातली यादी उघडून बघितली.

“वहिनी, परवा तुम्हाला कुठून चिल्लर आली होती का? अगदी नगण्य?”

“आली होती. मला वाटलं, व्यापाऱ्यानेच काहीतरी तपासून बघितलं असेल.”

“कुणीतरी मुद्दाम असा मिळताजुळता पत्ता बनवला. त्यावरून चिल्लर पाठवली, म्हणजे यादीत तो सगळ्यात वर येणार आणि तुम्ही तोच उचलणार.”

“बरं, मग आता फोन करून थांबवा.”

“कुणाला?”

चूक झाली तर फोन करायला कुणीच नाही, ही गोष्ट बाईंच्या डोक्यात शिरेना. पाकिटाच्या कंपनीला लिहिलं, तर यंत्राचं उत्तर आलं: झालेला व्यवहार मागे घेता येत नाही. यजमान आपल्या जुन्या शाखेत गेले. तिथल्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, “काका, हे आमच्याकडे नाहीच.”

पोलिस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “पैसे आता कुठे आहेत, काही कल्पना?”

“आहे ना. हे काय, दिसताहेत.” बाईंनी फोन पुढे केला. त्या अनोळखी पत्त्यावर त्यांची रक्कम जशीच्या तशी पडलेली होती. जगातल्या कुणालाही दिसेल अशी.

अधिकाऱ्याने ती बघितली, मग बाईंकडे बघितलं. “दिसताहेत, पण हात लावता येत नाही?”

“नाही.”

तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत, आकडा शून्य झाला. रक्कम पुढे कुठेतरी गेली. बाई घरी येऊन लाकडी डोक्यापुढे बसल्या. त्या दिवशी गाठ काही त्यांना मारता आली नाही.

यजमानांनी मुदत ठेव मोडली. “तुमच्या बँकेत अकरा दिवस लागायचे,” बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “लागू देत,” ते म्हणाले, “चूक झाली तर निदान भांडायला खिडकी होती.” केसांचे पैसे पुन्हा पाठवले, या वेळी बँकेतून. एकोणीस टोप सहा आठवडे उशिरा गेले. कंपनीकडून यायचे पैसे मात्र बाई अजूनही क्रिप्टोतच घेतात, कारण त्यांच्याकडे दुसरा रस्ता उरलेला नाही. आले की त्याच दिवशी विकतात. पाठवायचं बटण त्यांनी पुन्हा दाबलं नाही.

दीर यायचा बंद झाला. त्याने दोनदा पैसे भरून देतो म्हणून निरोप धाडला, बाईंनी नको सांगितलं. रागाने की मायेने, ते त्याला कळलं नाही, आणि खरं तर बाईंनाही ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी पोलिस अधिकाऱ्याचा फोन आला. रक्कम काही सापडली नव्हती. पण हे करणाऱ्या टोळीच्या पत्त्यांवर ज्यांचे पैसे गेले होते, त्यांची यादी एका तपासात हाती लागली होती.

“किती जण आहेत?” बाईंनी विचारलं.

“आतापर्यंत दोनशे एकोणीस. त्यात एक जण कॉम्प्युटर शिकवणारे प्राध्यापक आहेत. त्यांनीही म्हणे पहिली चार आणि शेवटची चारच बघितली.”

इतके दिवस बाईंना वाटत होतं, जगात एवढी बावळट आपण एकटीच. त्यांनी फोन ठेवला. मग दिराचा नंबर लावला.

“भाऊजी, दुकान किती वाजता बंद करता?”

“का हो, वहिनी?”

“जेवायला या. आणि येताना तोंड पाडून येऊ नका, तुमच्यापेक्षा शहाणे फसलेत.”