प्रिंटर आईच्या फोटोखाली

आमचा प्रिंटर बाबांच्या खोलीत असायचा. त्याची वायर हातभर, त्यामुळे ज्याला कागद काढायचा त्याने लॅपटॉप घेऊन बाबांच्या पलंगावर बसायचं. बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते; कापडातला दोष शोधायचा आणि मगच घडी घालायची. छापलेला कागदही ते तसाच उजेडाला धरून तपासायचे. मी ऑफिसच्या घाईत, आणि बाबा म्हणणार, "थांब गं, खालची ओळ फिकी आलीय." माझं डोकं फिरायचं.

आई गेल्यावर मात्र त्यांचं आमच्याशी बोलणं तेवढ्यापुरतंच उरलं. हॉलमध्ये तिचा फोटो लावला, समोर छोटा दिवा ठेवला, त्या दिवसापासून बाबांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. जेवणही खोलीतच. मुलुंडच्या आमच्या घराचा हॉल तो केवढासा, पण बाबांना तो परका झाला.

माझ्या लेकीने शोध लावला, की राउटरच्या मागे यूएसबीची जागा आहे. तिथे प्रिंटर जोडला की घरात कुठूनही छापता येईल. राउटर आईच्या फोटोखालच्या फळीवर. रविवारी सकाळी आम्ही प्रिंटर तिथे हलवला. वायर जोडली, पण लॅपटॉपला प्रिंटर काही सापडेना. राउटर बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे सापडला.

"झकास!" लेक म्हणाली. मी मात्र मनात म्हटलं, आता बाबांच्या खोलीत कोण कशाला जाणार?

स्वयंपाकघरातूनच मी एक कागद छापायला दिला. प्रिंटर घरघरला, आणि आतून चपला फरफटल्याचा आवाज आला. सवयच ती. बाबा हॉलमध्ये आले, कागद उचलला, उजेडाला धरला. मग त्यांची नजर फोटोकडे गेली.

"हिचा दिवा का बंद?"

मी जीभ चावली. प्रिंटरसाठी फोटोसमोरच्या विजेच्या दिव्याचा प्लग मीच काढला होता.

"कागदासाठी हिला अंधारात ठेवलीस?"

"बाबा, आत्ता खाली जाऊन एक्स्टेन्शन बोर्ड आणते."

"आण. तोवर मी बसतो हिच्याजवळ." त्यांनी खुर्ची ओढली.

बोर्ड आणला, दिवा लागला. आता उठतील, असं मला वाटलं. बाबांनी कागद पुन्हा धरला, या वेळी दिव्यासमोर. "खालची ओळ अजून फिकीच येते," ते फोटोकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं ताट इथेच वाढ गं."