सातपुड्यात आलेला भरताचा वास

आधीच सांगतो, भूतखेत मी मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत, वाटत आणि पुढे लिहीत वाढलेला माणूस आहे. भीती दाखवून लोकांना लुबाडणाऱ्यांशी माझं भांडण आजही चालू आहे. तरीही हे लिहितोय... कारण घडलं ते लपवणं मला पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात यावलच्या वर सातपुड्यात एका मुक्कामाचा बेत आखला. मी, यावलचा मित्र सागर आणि माझी धाकटी बहीण प्रज्ञा. तंबू, ताडपत्री, दोर, वनखात्याची परवानगी – सगळं जमलं. अडलं धरणगावला, आमच्या घरी, वडिलांपाशी.

"पोरगी शे ती. जंगलमा मुक्काम?" आबा म्हणाले.

"आबा, मी एकटी शे का? दादा शे ना संगे!"

मी तासभर भांडलो. मुलगा जाऊ शकतो तर मुलगी का नाही? शेवटी आबा मला म्हणाले, "तुन्हा भरोसावर धाडी राहिनू. नजरआड करू नको."

मुक्कामाच्या दिवशी दुपारी नाल्याच्या वळणावर सपाट वाळू दिसली. पाणी घोट्याएवढं, वर ऊन पडलेलं. "गादीच आहे राव!" सागर म्हणाला. आम्ही रीतसर मतदान घेतलं. तिन्ही हात वर. तंबू उभा राहिला.

तेवढ्यात प्रज्ञा थबकली. "दादा... कोणीतरी भरीत भाजतंय."

वास मलाही आला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा, तोच धुरकट वास – वरच्या उतारावरून.

"भर पावसाळ्यात? ओल्या काड्या काय तुझा सासरा पेटवणार?" सागर हसला. पण नाक त्याचंही वर होतं.

"मागून आणते थोडं," म्हणत ती निघालीसुद्धा.

"अगं, लाज आहे का?" मी ओरडलो. पण नजरआड कशी करणार? मी मागे, माझ्यामागे सागर.

वर काहीच नव्हतं. ओला कातळ, साग, शेवाळ. राख नाही, माणूस नाही. वासही गेला.

आणि खाली गडगडाट झाला. डोंगरात दूर कुठेतरी कोसळलेला पाऊस नाल्यातून एकदम उतरला – लाल, ओंडके घेऊन. आमचा तंबू आमच्या डोळ्यांदेखत गेला. प्रज्ञाने माझा हात धरला होता, तो आम्ही डोंगर उतरेपर्यंत सोडला नाही.

पुराचं कारण मला कळतं. वासाचं कळत नाही. पावसाळा संपल्यावर मी आणि सागर पुन्हा तिथे जाऊन आलो. त्या अंगाला ना पाडा, ना शेत. भास म्हणावा, तर तिघांना एकच कसा झाला?

मी नवस बोललेला नाही, बोलणारही नाही. पण ऋणी आहे. कुणाचा, ते ठाऊक नाही.

घरी खरं तेच सांगितलं. वाटलं, आता प्रज्ञाचं उंबरा ओलांडणं बंद. काल तीच म्हणाली, "आबा, या वर्षीचा बेत मी आखू?"

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आख. पन पाणी देखीसन."