साहेबांना एलबर्गला मीच पाठवलं

मंडळी, गणपतीला गावी जायची माझी सुट्टी साहेबांनी नाकारली आणि त्याच दिवसांत स्वतः बायकोला घेऊन हॉलंडला निघाले. वर बुकिंगही मलाच सांगितलं. "सावंत, जुनं, शांत गाव बघ."

बघितलं की! एलबर्ग. तटबंदी, खंदक, विटांच्या गल्ल्या, बाहेर नुसती कुरणं आणि गाई. तिथे गाडी चालत नाही असं ठोकून दिलं आणि आठ दिवसांसाठी दोन सायकली घेतल्या. इथे आखातात, अल् खुवैरमध्ये चहासुद्धा हॉर्न वाजवून गाडीत मागवणारा हा माणूस तिथे समोरच्या वाऱ्यात पॅडल मारतोय, या विचारानेच माझे गणपती गोड गेले.

आज साहेब लंगडत ऑफिसात आले. मी चेहरा पाडून विचारलं, "सर, फार त्रास झाला का हो?"

"पाय गेले रे कामातून! पण लग्नानंतर पहिल्यांदाच सलग आठ दिवस आम्ही भांडलो नाही. बायको म्हणते, आता दरवर्षी गणपतीत तिथेच जायचं. तेवढे दिवस ऑफिस तूच सांभाळ."

नवरा-बायकोत हमखास भांडण लावणारं एखादं गाव माहीत आहे का कुणाला? पुढच्या वर्षीचं बुकिंगही मलाच करायचंय.