खिडकीजवळच्या खुर्चीचा संधी खर्च

परवा मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला नववीतल्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला, आणि गेले आठ महिने मी जे घट्ट धरून बसलो होतो ते सुटलं… ठिकाण काळाचौकी, आमच्या मंडळाची अभ्यासिका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे हजेरीवरून सरांशी वाजलं, भर वर्गात बॅग उचलली आणि निघालो… परत गेलोच नाही. आता दिवसा परळला झेरॉक्सच्या दुकानात असतो, संध्याकाळी अभ्यासिका उघडतो आणि आठवड्यातून दोनदा नववीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. हसू नका, तेवढं येतं मला.

अभ्यासिकेत खुर्च्या बावीस. येणारे चाळीसच्या वर, कारण घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असताना कोण अभ्यास करणार? म्हणून नियम आहे. रुमाल, पट्टी, काहीतरी ठेवून खुर्ची धरायची, पण अर्ध्या तासात आला नाहीत तर जागा गेली. भिंतीवर हा नियम माझ्याच अक्षरात लिहिलाय.

फक्त खिडकीजवळच्या खुर्चीला तो लागू नव्हता. तिच्यावर मृणालची जांभळी पाण्याची बाटली असायची.

मृणाल तिथे बसून सीएचा अभ्यास करायची. माझं डोकं फिरलं की ती नुसती मान वर करून बघायची, आणि मी गप्प… अख्ख्या काळाचौकीत हे फक्त तिलाच जमायचं. मग ती पास झाली, पुण्याला नोकरी लागली. जाताना बाटली राहिली. मी फोन केला तर म्हणाली, "राहू दे रे, आले की घेईन."

बस. एवढ्या एका वाक्यावर मी आठ महिने खुर्ची धरून ठेवली. रोज बाटली पुसायचो, परत ठेवायचो. कोणी हात लावला की माझी सटकायची, म्हणून पोरं तिकडे बघतही नसत. फोन मात्र कमी होत गेले… शेवटी माझ्या मेसेजला नुसता अंगठा यायला लागला.

तर परवा शिकवत होतो संधी खर्च. म्हणजे एक गोष्ट निवडली की बाकीच्या हातच्या जातात. त्या गेलेल्यांपैकी सगळ्यात भारी जी, तो तुमच्या निवडीचा खर्च. फुकट वाटणाऱ्या गोष्टीलाही तो असतो, म्हटलं. उदाहरणं द्या.

मागून एक कोळ्यांचा पोरगा म्हणाला, "दादा, आज घरी कोलंबीचं कालवण आहे आणि मी इथे. भाऊस संपवणार सगळं. माझा संधी खर्च कोलंबी!" सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात तन्वी उभी राहिली. मालवणी घरातली, तोंडाने फटकळ. "दादा, त्या खिडकीजवळच्या खुर्चीचा संधी खर्च काय?"

माझ्या कानशिलांना गरम लागायला लागलं. म्हटलं, "पुस्तकात बघ."

"पुस्तकात नाहीये दादा. जिन्यावर बसलीय. माझी ताई."

मी खडू आपटला. "बाहेर हो!"

ती जागची हलली नाही. "बाहेर पण जागा नाय. ताई बसलीय म्हणून सांगितलं ना."

मीच तरातरा बाहेर गेलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर सारिका होती. तन्वीची मोठी बहीण, बारावीचा एक विषय राहिलेला, परत बसतेय. मांडीवर पुस्तक, कानात कापूस. वरून एक काका पिशवी घेऊन उतरले तशी ती न बघताच गुडघे भिंतीकडे वळवून बसली. सवयीने. काका गेल्यावर परत सरळ.

आणि मला आठवलं… रोज वर येताना "जरा सरक गं" असं मीच तिला म्हणत होतो. दोन महिने. तिच्या बाजूने जाऊन मी आत एक बाटली पुसत होतो.

मला वाटायचं, मृणालची वाट बघतोय तर त्याचा खर्च माझा मी करतोय. जीव माझा जळतोय ना, मग कोणाला काय… पण तो खर्च ही मुलगी करत होती, पायरीवर बसून. आणि तिने मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. माझ्या ओरडण्याला घाबरून.

आत जाऊन बाटली उचलली. खुर्चीवर तिचा गोल डाग राहिला होता. रुमालाने पुसला, थोडा गेला, थोडा राहिला. मग सारिकाला हाक मारली.

ती दारातच थांबली. "पण कोणीतरी येणार होतं ना तिथे?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी येणार नाहीये."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. पुढचा धडा काही घेता आला नाही… पोरांना म्हटलं, आपापलं वाचा. सारिका बसली, कानातला कापूस काढला, पुस्तक टेबलावर ठेवून हाताने सपाट केलं. तन्वी माझ्याकडे बघत होती. मृणाल बघायची ना, अगदी तसं.

मृणाल, तू हे वाचलंस तर… बाटली माझ्या घरी आहे. धुवून ठेवलीय. आठवण येते, रोज येते, त्यात काही फरक पडलेला नाही. फक्त खुर्ची दिली.

आणि तन्वी, थँक्यू गं. ते उदाहरण मला कधीच सुचलं नसतं.

सारिकाकडे चावी दिली, म्हटलं, जाताना खाली वॉचमन काकांकडे ठेव. बाटली बगलेत मारली आणि निघालो. जिन्यात कोणाच्या तरी घरातल्या मॅचचा आवाज घुमत होता, म्हणून बाहेर पडल्यावर अभ्यासिकेचं दार नीट ओढून घेतलं.