लोडशेडिंगमधला नाट्यहंगाम

विद्यापीठात नाटक शिकवणाऱ्या माणसाकडे शेवटी उरतं काय? कपडे भाड्याचे, ते परत जातात. सेट मोडतो. पोरं पास होऊन पांगतात. किस्से तेवढे राहतात, मेकअप कितीही धुतला तरी कानामागे राहतो तसे. दोन हजार सालानंतरच्या एका हंगामाने तर मला पार दमवलं होतं. तेव्हाचे हे.

*

आमचा महादेव इचलकरंजीचा. लहानपणापासून यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळे आवाज असा, की शेजारच्या वर्गातले सर येऊन विचारायचे, "भांडण कुठं चाललंय?"

एका प्रवेशात त्याला कानात कुजबुजायचं होतं. दहा वेळा थांबवलं. "महादेव, अरे, कुजबूज!"

"मॅडम, ही कुजबूजच हाय की!"

मी हात टेकले आणि त्याला मेलेल्या सासऱ्याची भूमिका दिली. एकही वाक्य नाही!

*

पण महादेव मागावर रात्रपाळी करून थेट प्रयोगाला आला. तिरडीवर आडवा झाला आणि खरंच झोपला. सासूचा हंबरडा रंगात आला आणि मड्याने घोरायला सुरुवात केली!

मी विंगेत डोळे मिटून घेतले. सून झालेली संगीता मात्र डगमगली नाही. म्हणाली, "आत्याबाई, रडू नगा! मामंजी नुसतं झोपल्यात!"

झालं! पुढचं अख्खं नाटक म्हाताऱ्याच्या मरणानंतरच्या वाटणीचं. पोरं बिचारी जित्या बापासमोर जमीन वाटत बसली.

प्रयोगानंतर एक गृहस्थ डोळे पुसत आले. "मॅडम, अगदी आमच्या घरचंच वाटलं!"

*

पुढच्या नाटकाचा हिरो संभाजी, कसबा बावड्याचा. रंगीत तालमीच्या दिवशी गायब. दुपारी उगवला तो अंगभर पाचटाची कुसळं घेऊन.

"कुठं होतास रे?"

"आमच्या रानात ऊसतोडीची टोळी आलती, मॅडम."

"आणि नाटक?"

"नाटक उद्या बी हुतंय. टोळी गेली की परत येत न्हाय!"

रागवायचं त्राण नव्हतं. म्हटलं, अंग झटक आणि उभा राहा.

*

त्याच नाटकाच्या स्पर्धेच्या प्रयोगात, शेवटची दहा मिनिटं उरली असताना लाइट गेली. लोकांना वाटलं, नाटक संपलं. कडकडून टाळ्या पडल्या आणि सगळे चहाला गेले. संभाजी अंधारात तसाच उभा. खुनी कोण, ते त्यालाच सांगायचं होतं.

परीक्षक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शेवट फार सूचक ठेवलात!"

मी "थँक्यू" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

*

हंगामाचा शेवटचा प्रयोग संगीताचा. ती कोडोलीची. घरी शेती, म्हशी. नाटक शिकायचं म्हणून हट्टाने हॉस्टेलवर राहिली, तेव्हापासून वडिलांनी बोलणं टाकलेलं. सुट्टीतही ती गावाकडे जात नसे. विचारलं की म्हणायची, "आईच येती की भेटायला."

प्रयोग सुरू झाल्यावर दारात एक पटकेवाले गृहस्थ घुटमळताना दिसले. दारावरचा पोरगा म्हणाला, "पावणं, आत या की!" ते शेवटच्या रांगेत टेकले. शेजारी संगीताची आई बसली, तेव्हा मला उमगलं. संगीताला काही कळवलं नाही. म्हटलं, आधीच तिच्या अंगात ताप आहे.

तिसरा अंक. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून आलेली मुलगी उंबऱ्यात उभी. बाप झालेला संभाजी गरजला, "या घराचं दार तुला कायमचं बंद!"

इथे संगीताने पिशवी उचलून मुकाट्याने निघून जायचं होतं. तिने पिशवी उचलली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून पटकेवाल्यांचा आवाज आला,

"संगे, कोडोलीचं उघडं हाय गं!"