अशोकभाऊचा फाटणारा ॲम्प

अशोकभाऊचा गिटारचा ॲम्प विकायचा नाही. कृपया मेसेज करू नका.

भाऊ परवा गेला. काल मातीवरून घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच दोघांनी विचारलं, "ट्यूबवाला आहे ना तो? काय भावात देतील घरचे?"

वहिनीला विचारून सांगतोय. नाही देणार.

पण वस्तू कशी आहे ते विचारलंच आहे, तर सांगतो. मी भाऊच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवतो. कोणी मागितले नाहीत तरी सामान खरेदीचे सल्ले देतो. या ॲम्पबद्दलचा सल्ला मात्र भाऊने ऐकला नव्हता.

ज्यांनी भाऊला फक्त गिटार वाजवताना पाहिलं त्यांना हे माहीत नसेल.
तो मुळात गायक.

नेरपासून उमरखेडपर्यंत जयंतीचा मंडप कुठेही असो, भीमगीताला भाऊ हवा. गिटार गळ्यात असायची, पण ती शोभेपुरती. तीन-चार कॉर्ड्स, बस. खरं काम गळ्याचं. अंतऱ्यात तो वर चढला की आवाज फाटायचा, आणि नेमक्या त्या जागेला शिट्ट्या यायच्या. लोक त्या फाटण्याचीच वाट बघत बसायचे.

मग खर्ऱ्याने, त्या तंबाखू-सुपारीने, घसा खाल्ला. ऑपरेशन झालं. कुजबुजण्यापुरता आवाज उरला.

नंतर भाऊ कार्यक्रमाला येईना. जयंतीच्या महिन्यात घराची खिडकीसुद्धा लावून घ्यायचा. आम्ही नवीन गायिका घेतली, पायल. चांगली गाते. भाऊने तिला ऐकायलाही नकार दिला. एवढा हट्टी माणूस.

घरात बसून गिटार मात्र घासायला लागला. कॉर्ड्स नाही, एकेक सूर. गाण्याची ओळच्या ओळ तारेवर.

एक दिवस म्हणाला, "नागपूरले चाल. ॲम्प घ्याचा हाय."

दुकानात मी त्याला एक ट्रान्झिस्टरवाला दाखवला. हलका, आवाज मोठा, इफेक्ट्स भरपूर, आणि खिशाला परवडणारा. माझ्या हिशोबाने विषय संपला होता.

भाऊने त्यावर अंतऱ्याची शेवटची ओळ वाजवली. मग जोरात वाजवली. मान हलवली.

कोपऱ्यात एक छोटा ट्यूबचा होता, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूबांचा. ट्यूबवाल्यांत सगळ्यात स्वस्त. पाच वॅट. एक व्हॉल्यूम, एक टोन, बाकी काही नाही. सुरू केल्यावर तापेपर्यंत मुका. मग बारीक घूं घूं. वजन म्हणाल तर भरलेल्या सिलेंडरची आठवण यावी.

त्यावर तीच ओळ. हळू छेडली तर स्वच्छ, गोड. तारेवर जोर दिला की वरचा सूर फाटला. जोर काढला की परत गोड.

भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वर गेलं का फाटते."

मी म्हटलं, "मंग सोड ना. दुसरा पाह्य."

तो हसला. "फाटते म्हनून तं घेऊन राह्यलो बे."

तरी मी शेवटपर्यंत ट्रान्झिस्टरच म्हणत होतो. व्यवहार म्हणून माझं मत आजही तेच आहे. आपल्याकडच्या व्होल्टेजला त्याला स्टॅबिलायझर लागतो, ट्यूबा नाजूक, आणि मंडपात तो एकटा पुरत नाही, समोर माइक ठेवावा लागतो. भाऊने तो गोधडीत गुंडाळला आणि एसटीत नेरपर्यंत मांडीवर आणला. 

ॲम्प घेऊन भाऊ ग्रुपमध्ये परत आला. पहिला कार्यक्रम मारेगावला.

साउंड चेकला भाऊ हळूच वाजवत होता, म्हणून सगळं ठीक. गाणं सुरू झालं, पायल अंतऱ्यावर आली, भाऊने तारेवर जोर दिला. सूर फाटला.

आणि गिटार गायब.

साउंडवाला आपलं काम इमानदारीने करत होता. आवाज फाटला म्हणजे बिघाड, हे त्याचं शिक्षण. त्याने भाऊचं बटण शून्यावर आणलं आणि हाताने खूण केली, डब्बा गेला.

भाऊ वाजवतोय, बोटं चाललीत, मंडपात काही नाही. तो साउंडवाल्याकडे बघतोय, तोंड उघडतोय. ओरडायला गळाच नाही. मी कीबोर्डवर अडकलेलो, हात सोडले तर गाणं पडतं. भाऊचा चेहरा पाहून मला वाटलं, हा आता गिटार खाली ठेवेल आणि परत कधी उचलणार नाही.

बायकांच्या बाजूने वहिनी उठली. स्टेजवर कधी न चढलेली बाई. पदर खोचून सरळ मिक्सरपाशी गेली. काय बोलली ते साउंडवाल्याने नंतर सांगितलं.

"त्यायचा आवाज काहून बंद केला?"

"काकू, डब्बा फाटून राह्यला."

"डब्बा नाई फाटत. ते असेच गातेत. वर कर."

त्याने केला.

पुढच्या कडव्याला भाऊ वर गेला, सूर फाटला, आणि मागून कुठून तरी एक शिट्टी आली. मग दोन-चार. जुन्या लोकांनी ओळखलं असणार. पायल गाणं सोडून त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने अख्खं कडवं त्याला देऊन टाकलं. वहिनी मिक्सरपाशीच उभी होती, गाणं संपेपर्यंत. साउंडवाल्याची बटणाला हात लावायची हिंमत नव्हती.

तर भाव विचारणाऱ्यांनो, तुम्ही तो घेतलात तर तुम्हाला पाच वॅटचा, घूं घूं करणारा, जड डब्बा मिळेल. तुमच्या कामाचा नाही. ट्रान्झिस्टर घ्या.

त्या दिवशी परतताना गाडीत आम्ही सगळे बडबडत होतो. भाऊ पुढच्या सीटवर डोकं टेकून. मला वाटलं झोपला. यवतमाळ मागे पडलं तेव्हा त्याने मान वळवली. गाडीच्या आवाजात त्याचं कुजबुजणं ऐकू येईना, म्हणून सगळ्यांना गप्प केलं.

"पुढचा प्रोग्राम कुठं हाय?"

भाऊ, खूप आठवण येईल. आमच्या सगळ्या ग्रुपचा तुला शेवटचा जय भीम.