गंजक्या टाकीत सोडलेला कंदील

डोंबिवलीच्या कारखान्यातली ती लोखंडी टाकी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी तिथल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. टाकी घासायला उतरलेला एक मजूर आतच मेला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनामा संपायच्या आत सुपरवायझरने कारणही सांगून टाकलं.

“साहेब, पाण्याची रिकामी टाकी. आग नाय, गॅस नाय, केमिकल नाय. दारू टाकून आला असणार.”

गरीब मेला की तो प्यायलेलाच असतो! हे कारण सगळ्यांच्या खिशात तयार.

मजुराची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलेना. “माझा माणूस पीत नव्हता, साहेब. आमच्या कोपरच्या चाळीत माझ्या पोरींच्या तोंडावर बोलतात, बेवडा मेला म्हणून.”

संध्याकाळी मजुराच्या जोडीच्या वेल्डरने मला टपरीवर गाठलं. “त्याला ओढायला मी डोकं आत घातलं, तर माझेही पाय गेले. मी पण प्यायलो होतो काय?”

सुपरवायझरला पुन्हा बोलावलं.

“टाकी कधीपासून बंद होती?”

“झाली वर्षं. झाकण आवळलेलं. आत नुसता गंज. तोच घासायला उतरवला ना.”

“आणि शेजारची टाकी?”

“तीपण तशीच.”

आमच्या गावी जुन्या विहिरीत माणसाआधी कंदील सोडतात; विझला तर कुणी उतरत नाही. मजूर मेला त्या टाकीत आता बाहेरची हवा शिरली होती, म्हणून पंचांसमोर शेजारच्या टाकीचं झाकण काढलं, दोरीने कंदील सोडला. विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

“वाऱ्याने असेल,” सुपरवायझर पुटपुटला.

“टाकीच्या आत वारा?” हवालदार म्हणाला. “तू सोडलास काय रे?”

सरकारी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांना मी विचारलं, “आत आग लागून गेली होती का?”

“नाही. ऑक्सिजन आगही घेते, गंजणारं लोखंडही घेतं. आग घाईत घेते, म्हणून ज्वाळा आणि चटका. लोखंड सावकाश घेतं. त्याची ऊब हातालाही कळत नाही. पण झाकण बंद असलं, की आतला ऑक्सिजन संपत जातो.”

शवविच्छेदनात काढलेल्या व्हिसेरात दारूचा अंशही निघाला नाही. हवा न तपासता माणूस उतरवला म्हणून मालक आणि सुपरवायझरवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावला.

धूर दिसला की सगळे धावतात. जिथे धूर नाही तिथे मेलेल्यालाच आरोपी करतात. तेव्हापासून कुणी मृत्यूचं कारण न विचारता सांगितलं, की मी आधी सांगणाऱ्याची चौकशी करत आलो.

गुन्हा दाखल झाल्याचं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते कोर्टाचं तुम्ही बघा. चाळीत येऊन एकदा बोला.”

गेलो. वर्दीत, चाळीच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “तो प्यायला नव्हता.”